जावईबापू धुक्यात

आमच्या दुकानातल्या सगळ्यात जुन्या माईकला आम्ही जावईबापू म्हणायचो. दुधाच्या लहान बरणीएवढा, राखी रंगाचा, जाळीच्या डोक्याचा. पोटात जुन्या रेडिओत असतो तसा काचेचा एक व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच कामाला लागेल तर तो जावई कसला? आधी त्याला ऊब द्यायची, मग अर्धा तास नुसतं बसू द्यायचं. दमट हवेत न्यायचं नाही, आपटायचं नाही, त्याच्यावर फुंकर मारायची नाही. एवढं करूनही कधी रुसून कुरकुरेल त्याचा नेम नसे. पण एकदा प्रसन्न झाला की माणसाचा आवाज असा घ्यायचा, की ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या अंगाची ऊब लागावी.

हे त्याला मऊ फडक्याने पुसत बसले की मी म्हणायचे, माझ्या वडिलांनी तुमचे एवढे लाड केले नव्हते. हे मान वर न करता म्हणायचे, "मी एवढं चांगलं ऐकतही नाही."

दुकान म्हणजे शिंप्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, तिथे लोक येऊन गात, बोलत, जाहिराती वाचत. दुसऱ्या खोलीत यंत्रं आणि मी. टेप कापणं आणि जोडणं माझ्याकडे होतं. चुकलेला शब्द ब्लेडने कापायचा, खोकला कापायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीने अशी जोडायची की जोड कळता कामा नये. आजसुद्धा समोरचं माणूस बोलताना अडखळलं की माझी बोटं आपोआप टेबलावर ब्लेड चाचपतात.

यांची थोरली बहीण नदीच्या मुखाशी राहायची. हे तिला आक्का म्हणत, म्हणून मीही आक्काच म्हणायचे. तिचा नवरा, आमचे दाजी, इंजिनाची होडी चालवत. माणसं या काठावरून त्या काठावर, त्या काठावरून या काठावर, जन्मभर हेच. नदी तिथे एवढी पसरलेली की समोरच्या काठावरची झाडं नुसती शाईची रेघ वाटत. आणि थंडीत सकाळी असं धुकं उतरायचं की ती रेघ पुसली जायची, मग पाणी पुसलं जायचं, आणि शेवटी आपलेच पाय आहेत की नाहीत, हे वाकून बघावं लागे.

अशा धुक्यात दाजी परत यायचे ते आक्काच्या हाकेवर. ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून लांबलचक "अहोऽऽ" अशी हाक मारायची. थांबायची, ऐकायची, पुन्हा मारायची. धक्का कुठल्या अंगाला आहे ते दाजींना त्या हाकेवरून कळे, आणि किती लांब आहे तेही. धक्का जवळ आला की इंजिन बंद करून होडी नुसती वाहवत आणायची असते. ते कुठे बंद करायचं, हेसुद्धा हाकच सांगायची. घंटा का नाही लावत, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. दाजी म्हणाले, घंटा बाकीच्या सगळ्याच धक्क्यांना आहेत, वहिनी. बायको एकाच धक्क्यावर आहे.

एका वर्षी पावसाळा सरताना आक्काच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आक्काने त्यांना एकच विचारलं, हाक मारता येईल का. ते नाही म्हणाले. कुजबुजतासुद्धा येणार नाही, म्हणाले. तिथून ती तडक आमच्या दुकानात आली. जिना चढून दम लागला होता. पाणीही न पिता माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, माझी हाक टेपवर भरून ठेव. आठवण म्हणून नको हं, आठवणीला फोटो आहेत. मला कामावर राहायचंय."

तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. धक्क्यावर भोंगा लावायचा आणि धुकं पडलं की टेप सुरू करायची. नाहीतर दाजी त्या धुक्यात कोणाच्या भरवशावर येणार, आणि ती घरात बसून करणार काय?

यांनी लगेच जावईबापूंना बाहेर काढलं. आमच्याकडचे बाकीचे माईक भोंग्यातून ऐकले की आवाज स्टेशनवरच्या सूचनांसारखा पत्र्याचा व्हायचा. जावईबापूंनी घेतलेल्या आवाजाची छाती शाबूत राहायची. त्यांना ऊब दिली, आक्काला रजयांच्या खोलीत उभं केलं आणि हे म्हणाले, मार हाक. आक्का लाजली. पाठच्या भावाच्या देखत, एका जाळीच्या डब्याला "अहो" म्हणायचं. पहिल्या वेळी हसू फुटलं, दुसऱ्या वेळी ठसका लागला. मग कशीबशी तिने हाक मारली आणि खालून शिंप्याने शिलाईचं यंत्र थांबवून विचारलं, "काय हो, मला बोलावलंत?"

आम्ही खूप हसलो. त्या शिंप्याने चूक आमच्या पदरात घातली होती, पण हसण्याच्या नादात ती आम्हाला दिसली नाही.

पुढे धुकं पडलं त्या सकाळी आम्ही धक्क्यावर भोंगा लावला. आक्काला बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि टेप सुरू केली. टेप आहे हे दाजींना माहीत होतं. तरी नदीच्या मध्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. होडी वाहत वाहत वाळूच्या दांड्यावर जाऊन बसली ती भरती येईपर्यंत. होडीत एक सुईण होती. ती दाजींना म्हणाली म्हणे, मी थांबेन हो, पण पोर थांबणार नाही. नशिबाने पोरही थांबलं.

दुपारी दाजी ओल्या पायांनी ओसरीवर बसले. मला वाटलं आता आम्हाला बोलतील. पण ते स्वतःवरच चिडले होते. डोकं सांगत होतं की टेप आहे, म्हणाले, पण कान म्हणाला बायको आहे, आणि अगदी हातभरावर आहे. "एवढी वर्षं कानाचं ऐकलं, आज डोक्याचं कसं ऐकू?"

आक्का भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. ती जे बोलली ते आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांना आधी सुचायला हवं होतं. खोलीत समोर डबा होता, शेजारी भाऊ होता. मग तिने जवळच्या माणसाला मारतात तशीच हाक मारली. खालच्या शिंप्याला हवी तेवढीच. ती हाक भोंग्याने कितीही मोठी केली तरी जवळचीच राहिली. लांबची हाक नुसती मोठी नसते. ती पोटातून वेगळ्या जागेहून निघते, आणि समोर खरोखर लांब कोणी असल्याशिवाय निघतच नाही.

म्हणजे माईक धक्क्यावर न्यायचा, धुकं असताना, दाजी पाण्यावर असताना. आणि धक्क्यावर वीज नव्हती. गावातले विजेचे खांब बरेच अलीकडे संपत. तिथून तार ओढावी तर तिच्यातून अशी घरघर यायची की जावईबापू नुसते घोरताहेत असं वाटे.

भोंग्याचं काय, तो मोटारीच्या बॅटरीवर बिनतक्रार ओरडतो. पण व्हॉल्व्हच्या माईकला दोन प्रकारची वीज लागते. एक कमी दाबाची, पण भरपूर, व्हॉल्व्हमधली तार तापत ठेवायला. दुसरी खूप दाबाची, पण चिमूटभर. मी आपली अशी समजूत करून घेतली होती की एक सरपण आणि दुसरी फुंकर. दोन्ही मिळाल्या तरच चूल पेटते. घरात ही दोन्ही कामं एक जडशीळ पेटी भिंतीतल्या विजेवर करायची. यांनी महिनाभर खपून मोटारीच्या बॅटरीवरून घरातल्यासारखी वीज तयार करणारं एक यंत्र बनवलं आणि त्याच्यापुढे ती पेटी जोडली. मोठ्या कौतुकाने हेडफोन माझ्या हातात दिले. म्हणाले, ऐक, कशी शांतता आहे.

मी ऐकलं. शांततेच्या वर कुठेतरी एक बारीक शीळ होती. डास कानाशी येऊन परत जातो ना, तशी. पण ही परत जात नव्हती.

मी सांगितलं. यांनी पुन्हा ऐकलं, आणि तुझा भास आहे म्हणाले. मी म्हटलं, भास एका सुरात वाजत नाही. भोंग्यातून ती शीळ मोठी होऊन बाहेर पडली असती, आणि धुक्यात शिळेला दिशा नसते. आम्ही वाद घालत होतो तेवढ्यात आक्का आली. यांनी काही न सांगता हेडफोन तिच्या कानाला लावले. तिने एका क्षणात काढून ठेवले. "तुझ्या पेटीत डास शिरलाय रे."

आक्का यांच्याहून मोठी होती, म्हणजे कारण वय नव्हतं. जन्मभर कानाला हेडफोन लावून मोठमोठे आवाज ऐकलेले हेच. त्यांचं वरचं ऐकू येणं कधी गेलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, खाली शिंप्याचं यंत्र चाललं होतं ते बघत. परत आले तेव्हा त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि त्यांची पट्टी माझ्या डोक्याच्या मापाने एक घर आवळली. ती पुन्हा कधी सैल केली नाही.

त्या पेटीचा नाद त्यांनी सोडून दिला. म्हणाले, जी वीज तयारच करावी लागत नाही ती शीळ घालत नाही. सरपणासाठी मोटारसायकलची बॅटरी घेतली, तिचा दाब व्हॉल्व्हच्या तारेला जवळजवळ बरोबर बसतो. आणि फुंकरीसाठी ट्रान्झिस्टरचे चौकोनी सेल आणले. त्या सेलच्या डोक्यावर एक खुंटी आणि एक वाटी असते. एकाची खुंटी दुसऱ्याच्या वाटीत टच्चकन बसते. अशी बसवत गेलं की दाब वाढत जातो. जमिनीवर त्यांची रांग लागली तेव्हा ती हातात हात घातलेल्या मुलींसारखी दिसत होती, आणि मुलींसारखीच साधी समजून यांनी तिची दोन्ही टोकं एकदम धरली. झटका असा बसला की हे बसल्या जागी उडाले. आक्का म्हणाली, जावयाला अजून मानपान पोचला नाही वाटतं.

ती रांग मी मेणकापडात शिवून घेतली. शिंप्यानेच शिवली, खरं तर. काय आहे ते त्याने विचारलं नाही.

आता सगळं तयार होतं, फक्त धुकं नव्हतं. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि सकाळी उठावं तर आकाश घासून ठेवल्यासारखं लख्ख. आम्ही आक्काकडे जाऊन राहिलो. रोज पहाटे मी बॅटरी जोडायची. जाळीतून आत बघितलं की व्हॉल्व्हमध्ये निखाऱ्याचा एक कण दिसायचा. माईकला शालीत गुंडाळून मी ओसरीवर बसायचे, बॅटरी टोपलीत पायाशी. माईक हवेपेक्षा ऊन राहिला तर त्याच्यावर दव बसत नाही, म्हणून त्याला असं पोटाशी धरायचं. हळूहळू शालीतून ऊब माझ्या हातात उतरे. झोपलेल्या लेकराची असते ना, तशी एकसारखी. मग सूर्य यायचा, नदीची रेघ स्वच्छ दिसायची, आणि आम्ही बॅटरी सोडवून चहा प्यायचो. आक्काला बोलायची मनाई होती. ती आवाज साठवून ठेवत होती. आमच्याकडे बघून नुसते खांदे उडवायची, जणू धुकं हा तिच्या सासरचा कोणी उशिरा येणारा पाहुणा होता.

शहरात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी धुकं आलं.

मी दार उघडलं तर अंगणच नव्हतं. आम्ही एकामागून एक धक्क्याकडे निघालो. पुढे आक्का, मग टेप रेकॉर्डर गळ्यात घेतलेले हे, मग मी, शालीत जावईबापू आणि हातात टोपली. दाजी त्याआधीच पहिली फेरी घेऊन पलीकडे गेले होते. धक्क्याच्या फळ्या पायाखाली ओल्या होत्या आणि पुढची फळी पाऊल टाकल्यावरच उमटत होती. टोकाला पोचल्यावर यांनी माईक काठीला बांधला, आक्काच्या थोडा मागे, खांद्याच्या उंचीवर, म्हणजे तो तिला दिसणार नाही. मी हेडफोन चढवले.

ते ऐकणं मी विसरणार नाही. धुक्यालाही आवाज असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दोरावरून थेंब निसटून पाण्यात पडत होते, आणि प्रत्येक थेंब वेगळ्या वयाचा वाटत होता. फळ्यांखाली पाणी स्वतःशी काहीतरी घोळवत होतं. आक्काचा श्वास माझ्याच छातीत चालल्यासारखा जवळ. आणि या सगळ्याच्या पलीकडे, कापसातून यावा तसा, इंजिनाचा ठोका. शीळ कुठेही नव्हती. यांचं लक्ष टेप रेकॉर्डरच्या काट्याकडे नव्हतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी मान हलवली. यांनी टेप सुरू करून आक्काच्या कोपराला बोट लावलं.

तिने हाक मारली.

मी कितीदा तरी तिची हाक ऐकली होती, पण काठावर, स्वयंपाक करता करता. अशी कधीच नाही. ती घशातून आली नाही, टाचांतून वर चढत आल्यासारखी आली. बाहेर पडल्यावर पसरली नाही. पाण्यावरून एखादी लांब काठी पुढे सरकवावी तशी धुक्यात शिरत गेली आणि तिचं टोक कुठेतरी जाऊन टेकलं. मग आक्का थांबली. आणि लांबून, अगदी लांबून आलं, "आलो गंऽऽ".

तिने पुन्हा मारली. पुन्हा तिकडून आलं. होडी जवळ येत गेली तशी हाक आखूड आणि मऊ होत गेली, तिच्या ते ध्यानातही नव्हतं. शेवटच्या हाकेला आवाज मध्येच फाटला. दाजींना ते कळलं असावं. त्यांनी इंजिन जरा उशिरा बंद केलं आणि होडी धक्क्याला नेहमीपेक्षा जोरात लागली. उतरल्यावर ते आक्काकडे बघत राहिले. ती म्हणाली, "चहा गार झालाय." ते तिचे मी टेपवर घेतलेले शेवटचे शब्द.

दुकानात परतल्यावर मी टेप लावली आणि चपापले. जावईबापूंनी दाजींनाही घेतलं होतं. बारीक, पण स्पष्ट. धुक्यातून येताना काठावरून स्वतःचाच आवाज ऐकू आला तर माणूस काय समजेल? समोरून दुसरी होडी येतेय म्हणून सुकाणू फिरवेल. उत्तर कापणं भाग होतं. हे म्हणाले, काप आणि हाकेला हाक जोडून टाक. मी तसं जोडून पाहिलं. हाकेमागून लगेच हाक आली की ती हाक राहत नव्हती, आग लागल्याची ओरड होत होती. म्हणून मी दाजींच्या उत्तराचा तुकडा कोऱ्या टेपला लावून मापला, आणि तेवढाच कोरा तुकडा मध्ये जोडला. टेपची दोन टोकं जोडून तिचा फेरा केला, म्हणजे ती आपोआप फिरत राहील. एक लांबची हाक, मग दाजींच्या उत्तराएवढी शांतता, पुन्हा हाक.

ऑपरेशन नीट झालं. आक्का घरी आली तेव्हा गळ्याभोवती रुमाल होता आणि घरात फार शांतता होती. तिचं काही बिनसलं नव्हतं. भांडी आदळण्याची तिची जुनी सवय आता दुप्पट झाली होती, आणि त्यावरून दाजींना सगळं कळायचं. भोंग्याविषयी मात्र ते फारसं बोलत नसत. काठ कुठे आहे तेवढं कळलं म्हणजे झालं, एवढंच एकदा म्हणाले, भोंग्याशी काय बोलायचं. आक्काने ते ऐकलं आणि परात मोठ्याने ठेवली.

धुकं पडलं त्या सकाळी आम्ही तिथेच होतो. दाजी पलीकडे गेले होते. आक्का धक्क्याच्या टोकाला तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली, एक हात भोंग्याच्या खांबावर. इंजिनाचा ठोका ऐकू आला तशी तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी टेप सुरू केली.

हाक गेली. तिच्याबरोबर आक्काचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. मग मी ठेवलेली शांतता आली. तिच्यात फक्त इंजिन वाजत होतं. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. पहिल्या टेपच्या वेळी दाजींनी जिथे इंजिन बंद केलं होतं तो टप्पा मी मनाशी धरून होते. तो आला आणि गेला. ठोका तसाच चालू राहिला, सरळ आमच्या दिशेने. यांना तो नीट ऐकू येत होता की नाही कोण जाणे, यांची नजर माझ्यावरच होती. मी मान हलवत राहिले.

मग इंजिन बंद झालं. नुसतं पाणी. धुक्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आक्काची बोटं खांबावर पांढरी पडली होती. हाक गेली, आणि त्या कोऱ्या तुकड्यात, अगदी जवळून, त्याच्या मापात बरोबर बसेल असं उत्तर आलं.

"आलो गं, आलो. कान फोडतेस का?"

मग होडीचं पुढचं टोक, तिची नाळ दिसली, मग दाजींचा हात, मग दोर. आक्काने तो नेहमीसारखा हवेतच झेलला आणि खांबाला दोन वेढे दिले. माणसं उतरली, आपापल्या वाटेने धुक्यात विरून गेली. दाजी धक्क्यावर चढले आणि तिच्या शेजारी उभे राहून दोराचं उरलेलं टोक गुंडाळू लागले. मी बघत राहिले, टेप बंद करायची राहूनच गेली. भोंग्यातून पुन्हा ती लांबची हाक निघाली, "अहोऽऽ".

दाजींनी मान वर केली नाही. दोर गुंडाळता गुंडाळताच म्हणाले, "इथेच आहे."